इंजिनचा गळा कोणी आवळलेला नाही

‘कंपनी गाडी दाबून ठेवते. आपण फक्त तिचा गळा मोकळा करायचा. पिकअपही वाढतो आणि ॲव्हरेजही.’ आपल्या शहरातल्या गारखेडा परिसरात, पुंडलिकनगरपासून सूतगिरणी चौकापर्यंत, मोटरसायकलचं काम निघालं की हे बोलणं कानावर येतंच. विकणारा ते विश्वासाने सांगतो, घेणारा त्याहून विश्वासाने मित्राला सांगतो, आणि वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा आणखी एखादा पोरगा पगारातले सहा-सात हजार मोजून येतो. एअर फिल्टर बदलायचा, सायलेन्सर फ्री-फ्लो करायचा, कार्बोरेटर असेल तर जेट वाढवायचा, इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, मॅपिंग करून घ्यायचं. ताकद हवी म्हणून कोणी हे करत असेल तर त्याच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. इंजिन हाताळण्यात आनंद आहे, आणि तो आनंद मला कळतो. माझा वाद आहे तो बोलण्याच्या शेवटच्या तुकड्याशी. ॲव्हरेज वाढत नाही. बहुतेक वेळा ते घटतं. ताकदीच्या मालाला बचतीचं लेबल लावून तो ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याच्या गळ्यात घातला जातो, आणि म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते अगदीच पोकळ नाही. इंजिन म्हणजे हवा ओढणारा आणि सोडणारा पंप. जेवढी हवा आत, तेवढं पेट्रोल जाळता येतं, तेवढी ताकद. कंपनीला आवाजाची मर्यादा पाळायची असते, धुराचे निकष पाळायचे असतात, किंमत आटोक्यात ठेवायची असते. म्हणून ती फिल्टरचा डबा बंदिस्त ठेवते, सायलेन्सरमध्ये जाळ्या आणि कप्पे घालते. हे अडथळे काढले की इंजिनला श्वास घ्यायला कमी कष्ट पडतात, आणि कष्ट वाचले की पेट्रोल वाचलं. ऐकायला हे पटतं. मूठ पूर्ण पिळलेली असेल तेव्हा यातला बराचसा भाग खराही आहे.

पण मूठ पूर्ण पिळलेली असते कधी?

दीडशे सीसीची, तेरा-चौदा हॉर्सपॉवरची साधी मोटरसायकल घ्या. एकटा चालवणारा, सपाट रस्ता, वारा पडलेला. ताशी पन्नासच्या वेगाने ती चालती ठेवायला चाकापाशी सुमारे दोन हॉर्सपॉवर लागते. ऐंशीला सहाच्या आसपास, शंभरला अकराच्या घरात. हे काही गुपित नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, टायरचा विरोध जवळपास तेवढाच राहतो. गाडीचं आणि माणसाचं वजन धरून कोणालाही कागदावर हा हिशेब करता येईल. आता गजानन महाराज मंदिराच्या रस्त्यावर, दर्गा चौकात किंवा शिवाजीनगरकडे संध्याकाळी कोणता वेग मिळतो ते आपल्याला माहीत आहे. तिथे इंजिन आपल्या ताकदीचा सहावा-सातवा हिस्सासुद्धा वापरत नसतं.

एवढी कमी ताकद इंजिनकडून घेतली जाते ती कशी? थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटून. हवेच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा अडथळा ती झडप असते, फिल्टर नव्हे. ती आपण स्वतः, आपल्या मनगटाने घातलेली असते. झडपेच्या पलीकडे इंजिनच्या बाजूला हवेचा दाब बाहेरच्या निम्म्यावर येतो, आणि तिच्या अलीकडच्या फिल्टरमध्ये होणारी घट त्या मानाने नगण्य असते. जायकवाडीहून येणारी जलवाहिनी कितीही जाड टाकली, तरी घरातला नळ अर्धा आटाच उघडला तर बादली भरायला तेवढाच वेळ लागतो. फिल्टर बदलून शहरातल्या चालीत काही वाचत नाही, कारण शहरातल्या चालीत फिल्टर आडवा येतच नाही. ‘इंजिनला कमी कष्ट पडतात’ हे ज्या क्षणाचं वर्णन आहे तो क्षण बीड बायपासवर एखाद्याला ओव्हरटेक करताना येतो आणि पाच सेकंदांत संपतो.

यावर प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मोटारींचे एअर फिल्टर मुद्दाम चोंदवून इंधनाचा खप मोजला. इंजेक्शनच्या गाड्यांत खपावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मंदावला तो फक्त पिकअप. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र दोन ते सहा टक्के फरक सापडला. चोंदलेल्या फिल्टरनेसुद्धा जिथे खप वाढला नाही, तिथे स्वच्छ फिल्टर काढून ‘हाय-फ्लो’ लावल्याने तो घटेल कसा? प्रयोग मोटारींवरचा आहे, मोटरसायकलवरचा नाही, हे मान्य. पण झडप, सेन्सर आणि संगणकाचं तत्त्व दोन्हीकडे तेच आहे. ज्यांच्याकडे अजून कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी या प्रयोगातून फिल्टर वेळेवर साफ करावा, एवढाच धडा घ्यावा. तो शे-दोनशेत होतो.

दुसरा मुद्दा मिश्रणाचा, आणि माझ्या मते सगळा वाद खरं तर इथेच मिटायला हवा. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सगळ्यात जास्त ताकद मिळते ती पेट्रोल थोडं जास्त असताना, बारा-साडेबारा ते तेरा भाग हवेला. सगळ्यात कमी खप होतो तो पेट्रोल थोडं कमी असताना, पंधरा-सोळाच्या आसपास. म्हणजे हे दोन बिंदू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना आहेत. मिश्रण एकाकडे सरकवलं की दुसऱ्यापासून ते दूर जातं. जेट वाढवणारा मेकॅनिक मिश्रण ताकदीकडे सरकवतो. मॅपिंग करणाराही बहुतेक तेच करतो. यात चूक काहीच नाही, गिऱ्हाइकाने ताकदच मागितली होती. पण त्याच स्क्रूने, त्याच जेटने ॲव्हरेजही वाढवून दिलं असं सांगणं म्हणजे एकाच गाडीने एकाच वेळी जालन्याला आणि पैठणला पोचण्याचं आश्वासन देणं आहे.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले, कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, आणि सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसला. गाडी एका लयीत चालत असते तेव्हा हा सेन्सर धूर तपासत राहतो आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करून मिश्रण १४.७ च्या आसपास धरून ठेवतो, कारण धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेच लागतं. तुम्ही फिल्टर बदला, सायलेन्सर बदला, संगणक मिश्रण पुन्हा तिथेच आणून ठेवतो. मग काही ठिकाणी काय करतात? सेन्सर काढून टाकतात किंवा त्याच्या जागी डमी बसवतात. आता संगणक आंधळा झाला. इंजिन बिघडू नये म्हणून तो ठरावीक, पेट्रोल थोडं जास्त असलेलं मिश्रण देत राहतो. संध्याकाळी सिग्नलला उभं राहिल्यावर मागच्याला पेट्रोलचा वास येतो तो त्याचाच. तो वास म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल, आणि ते पंपावर पैसे मोजून घेतलेलं असतं.

सायलेन्सरबद्दलचा समज मात्र हवेतून आलेला नाही. त्याला इतिहास आहे. १९८५ च्या अखेरीस यामाहा आरएक्स १०० आली, त्याच सुमारास कावासाकी बजाजची केबी १०० आली, आणि एक अख्खी पिढी टू-स्ट्रोक इंजिनवर वाढली. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनचाच अवयव असतो. सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण नळीच्या फुगीर भागातून परतलेल्या दाबाच्या लाटेने पुन्हा आत ढकललं जातं. ती फुग्याची लांबी, तो निमुळता कोन बदलला की गाडीचा स्वभावच बदलतो. त्या काळच्या मेकॅनिकांनी हे हातांनी शिकून घेतलं होतं आणि ते ज्ञान खरं होतं. पण आज रस्त्यावर आहेत त्या फोर-स्ट्रोक गाड्या. त्यांचे व्हॉल्व्ह कॅमच्या हुकमाने उघडतात-मिटतात, ताजं मिश्रण निसटण्याचा प्रकार अगदी थोडा. तिथे सायलेन्सर मोकळा केल्याने वरच्या आरपीएमला एखादी हॉर्सपॉवर मिळते आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे जिथे आपण दिवसभर चालतो तिथे, ओढ अनेकदा कमी होते. ओढ कमी झाली की माणूस गिअर उशिरा वाढवतो, मूठ जास्त पिळतो. बुलेटवर पंजाबी किंवा इंदोरी सायलेन्सर लावणाऱ्याला आवाज मिळतो. आवाज मोठा झाला म्हणजे ताकद वाढली असं कानाला वाटतं, आणि रात्री अकरा वाजता क्रीडा संकुलाच्या मागच्या गल्लीत झोपलेल्या तान्ह्या मुलाला आणि आजारी माणसाला त्या वाटण्याची किंमत द्यावी लागते.

इथे हमखास उत्तर येतं: ‘तुमचं शास्त्र राहू द्या. माझ्या गाडीचं ॲव्हरेज हे फिल्टर-सायलेन्सरचं किट लावल्यावर खरोखर वाढलं.’ असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत, हे मी ठामपणे सांगतो. त्यांना आकडा वाढलेला दिसतो. तो का दिसतो हे मात्र तपासायला हवं.

किट बसवायला गाडी गॅरेजमध्ये गेली की मेकॅनिक तेवढंच करून थांबत नाही. प्लग काढून साफ करतो किंवा नवा घालतो. टॅपेट सेट करतो. कार्बोरेटर उघडलाच आहे तर धुऊन घेतो, आयडलिंग लावतो. चेन सैल असेल तर ताणून तेल सोडतो. मागचा ब्रेक चिकटत असेल तर मोकळा करतो. टायरमध्ये हवा मारतो. वर्षभर सर्व्हिसिंग न झालेल्या गाडीचं ॲव्हरेज एवढ्याने सहज सुधारतं. श्रेय मात्र चकाकणाऱ्या नव्या फिल्टरला जातं, कारण पैसे त्याचे मोजलेले असतात. हाच मेकॅनिक आधी नुसती सर्व्हिसिंग करून दोन टाक्या मोजू देईल, मग किट लावून पुन्हा दोन टाक्या मोजू देईल, तर सत्य त्याच महिन्यात समोर येईल.

मोजण्याची पद्धतही पाहा. पंपावर गाडी साइड स्टँडवर उभी करून पेट्रोल भरलं आणि पुढच्या वेळी मेन स्टँडवर, तर टाकीत अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. पाच लिटर भरणाऱ्यासाठी तो दहा टक्क्यांचा फरक आहे. चव्वेचाळीसचं ॲव्हरेज एकदम अठ्ठेचाळीसच्या वर दिसू लागतं, इंजिनला हातही न लावता. शिवाय नवं किट लावलेला माणूस पहिल्या टाकीला ॲव्हरेज तपासण्यासाठी जपून चालवतो. तपासणी संपली की मूठ मोकळी होते.

आणि सगळ्यात फसवा प्रकार स्प्रॉकेटचा. पिकअप वाढवण्याची ही स्वस्त युक्ती आहे: पुढचं स्प्रॉकेट चौदा दात्यांचं काढून तेरा दात्यांचं बसवायचं. गाडी खरंच उसळी घेते, कारण आता प्रत्येक गिअर थोडा ‘छोटा’ झाला. पण काही गाड्यांमध्ये किलोमीटर मोजणारा सेन्सर पुढच्या चाकाला नसतो, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टपाशी असतो. तो शाफ्ट आता तेवढ्याच अंतराला जवळपास पावणेआठ टक्के जास्त फिरतो. चौदाला तेराने भागा, १.०७७ येतात. मीटर शंभर किलोमीटरचे एकशे सात-आठ दाखवतं. आधी चव्वेचाळीस देणारी गाडी इंजिन जास्त फिरल्यामुळे बेचाळीसवर आली असली, तरी मीटरवरून हिशेब करणाऱ्याला पंचेचाळीस मिळतात. पिकअप वाढला, ॲव्हरेजही वाढलं, आणि दोन्हीचा पुरावा हातात! पेट्रोलच्या बिलाकडे पाहिलं तरच कळतं की पुरावा बिघडलेल्या मीटरने दिला होता. ज्यांनी स्प्रॉकेट बदललं आहे त्यांनी घर ते वाळूजचा फाटा हे अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजून मीटरशी ताडून पाहावं.

‘कंपनीच मुद्दाम दाबून ठेवते’ हा आरोप तर मला आपल्याच शहराच्या अपमानासारखा वाटतो. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारख्या सुटे भाग करणाऱ्या कंपन्या तिथल्याच औद्योगिक वसाहतीत वाढल्या. गारखेड्यातल्या किती घरांतले वडील, काका, मामा तिथल्या लाइनवर, टूलरूममध्ये, क्वालिटीत आयुष्यभर राबले! मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर माल परत पाठवणारी ही माणसं. ज्या देशात गाडी दाखवल्यावर पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा येतो, जिथे एका किलोमीटरच्या फरकावर ग्राहक शोरूम बदलतो, तिथे पाचशे रुपयांच्या फिल्टरने ॲव्हरेज वाढत असतं तर कंपनीने ते स्पर्धकाच्या हाती जाऊ दिलं असतं का?

याचं उत्तर इतिहासातच आहे. २००३ मध्ये बजाजने पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिलं. एका सिलिंडरला दोन प्लग. ज्वाला दोन टोकांनी पेटली की तिला कमी अंतर कापावं लागतं, मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं, पातळ मिश्रणही पेटतं. त्यामुळे ताकद आणि इंधनबचत दोन्ही बाजूंनी फायदा, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यानंतर २००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगच्या इंजिनची ‘फ्लेम’ ही मोटरसायकल आणायचं ठरवलं तेव्हा पेटंटवरून वाद पेटला. तो मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि २००९ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचला. छोट्या इंजिनमधल्या ज्वलनाच्या एका सुधारणेसाठी देशातल्या दोन मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या. ताकद आणि ॲव्हरेज एकत्र वाढवणारी गोष्ट एवढी मोलाची असते. ती प्लास्टिकच्या वेष्टनात रॅकला टांगलेली मिळत नाही.

म्हणूनच उलट बाजूच्या एका समजालाही मी तितकाच विरोध करतो. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘ताकद वाढली की पेट्रोल जाणारच.’ हेही सरसकट खरं नाही. लिटरभर पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी आपल्या रोजच्या चालीत चाकापर्यंत साधारण सहावा हिस्सा पोचतो. बाकीची सिलिंडरच्या फिन्समधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते, घर्षणात जाते, मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात जाते. हा वाया जाणारा भाग ज्याने कमी केला त्याला ताकदही मिळते आणि बचतही. कॉम्प्रेशन वाढवणं, ज्वलन जलद करणं, घर्षण घटवणं या त्याच्या वाटा. पण त्या सगळ्या इंजिनच्या आत आहेत, डिझाइनच्या टेबलावर आहेत. नुसती जास्त हवा आणि जास्त पेट्रोल ओतून वाया जाण्याचं प्रमाण तेच राहतं. बोअर किट घालून इंजिन मोठं केलं तर ते वाढतंसुद्धा: तीच दोन हॉर्सपॉवर काढायला आता मोठं इंजिन झडप आणखी मिटून चालवावं लागतं आणि मोठ्या पिस्टनचं घर्षण वर येतं.

कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड घासून घेणारेही आहेत. सगळ्या बदलांमध्ये शास्त्र निदान यांच्या बाजूने उभं आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण मे महिन्यात चाळिशी पार केलेल्या उन्हात, मागे एक माणूस आणि पुढे गव्हाचं पोतं घेऊन चढ चढताना तेच इंजिन ठोकायला लागतं. जुन्या गाडीत ते ऐकून इग्निशन मागे घेणारा सेन्सर नसतो. पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडले की वाचवलेलं पेट्रोल हिशेबात धरायला कोणी येत नाही.

आता मनगटाकडे येतो, कारण किटवाल्यांचा शेवटचा बचाव तोच असतो: ‘ॲव्हरेज पडलं तर तुझ्या चालवण्याने पडलं.’ यात अर्धं सत्य आहे आणि ते तपासण्यासारखं आहे. गाडी आणि माणूस मिळून दोनशे दहा किलो धरा. ताशी पन्नासच्या वेगात त्यांच्यात साठलेली ऊर्जा सपाट रस्त्यावर दोनशे मीटर चालायला पुरेल एवढी असते. ब्रेक मारला की ती सगळी ड्रमची उष्णता होऊन उडून जाते. किलोमीटरमध्ये दोनदा थांबलं की खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी वर जातो. आणि नव्या पिकअपच्या जोरावर त्याच दोन सिग्नलांच्या मध्ये पन्नासऐवजी साठ गाठले तर दर ब्रेकला आणखी चव्वेचाळीस टक्के जास्त ऊर्जा जाते. दर्गा चौकातून सुटलेला पोरगा पुढच्या सिग्नलला माझ्या शेजारीच येऊन थांबतो. पोचला तेवढ्याच वेळात, पेट्रोल जास्त जाळून. पण पिकअप विकताना तो वापरला जाणार हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. वापरायचा नाही या अटीवर कोणी पिकअप विकत घेत नाही. म्हणून त्या घटीची जबाबदारी एकट्या चालवणाऱ्यावर ढकलता येणार नाही.

पैशांचा हिशेब करू, आणि तोही किटवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं धरून. गारखेडा ते वाळूज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, आठवडी सुटी वगळून आणि इतर फिरणं धरून महिन्याला आठशे. पन्नासच्या ॲव्हरेजने सोळा लिटर. किटने ते दहा टक्के वाढून पंचावन्न झालं असं समजा: साडेचौदा लिटर. वाचलं दीड लिटर, म्हणजे आजच्या शंभरच्या वरच्या भावाने दीडशे रुपये. सहा हजारांचं किट वसूल व्हायला सव्वातीन वर्षं लागतील. आणि दावा खोटा ठरून ॲव्हरेज पंचेचाळीसवर आलं तर वर्षाला दोन हजारांवर रुपये खिशातून जातील, सहा हजार गेले ते वेगळेच. दावा खरा मानूनही ज्या सौद्याचे पैसे वसूल व्हायला तीन वर्षांवर लागतात, त्याला बचत म्हणणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

धुळीचाही विचार या हिशेबात हवा. आपल्याकडचे रस्ते कायम उकरलेले, पावसाळा सोडला तर हवेत माती. कंपनीचा कागदी फिल्टर बारीक कण अडवतो. विरळ विणीचा फिल्टर, त्यातही ज्याचं तेल वेळेवर दिलं जात नाही असा, त्यातले काही आत सोडतो. हे कण सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे काढतात. नखाला लागतात ते. मग रिंगा सैल, कॉम्प्रेशन कमी, इंजिन ऑइल खायला लागतं, सायलेन्सरमधून निळसर धूर. ॲव्हरेज वाढवायला बसवलेल्या वस्तूने दोन वर्षांत ॲव्हरेजच खाल्लेलं असतं, आणि तेव्हा बोअरचं काम काढावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करायला मनाई करतं, आणि कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ नोंदीतल्या रचनेविरुद्ध बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. दंड मालकाला होतो. ॲव्हरेजचं आश्वासन देणाऱ्याचं नाव पावतीवर बहुधा नसतं.

सध्या या धंद्याला नवं निमित्त मिळालं आहे ते ई-२० पेट्रोलचं. लोकांच्या गाड्यांचं ॲव्हरेज थोडं उतरलं आहे, ही तक्रार खरी आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के इथेनॉल असलेल्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या दुचाकींना तीन ते चार टक्क्यांची घट सांगितली होती. या नाराजीवर आता ‘गेलेलं ॲव्हरेज परत आणून देतो’ म्हणून तेच फिल्टर, तोच जेट, तेच मॅपिंग पुढे केलं जातं. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत ई-२० ने मिश्रण पातळ होतं, गाडी सकाळी अडखळते, मधेच झटका देते. तिथे जेट एक नंबर वाढवला तर ती सुरळीत चालेल, आणि ते काम जरूर करून घ्यावं. मात्र मोठ्या जेटमधून पेट्रोल जास्तच जाणार. जी ऊर्जा पंपावर टाकीत आलीच नाही, ती सायलेन्सर कापून किंवा फिल्टर उघडा ठेवून गाडीत कुठून येणार, हे किट विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगावं.